कल्चरल स्टडीज मेजर: मुंबईत राहून कसं शिकायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी बारावी कला शाखेतून चांगल्या गुणांनी पास झाली, शिक्षण मराठी माध्यमात, राहायला डोंबिवली. तिला ‘कल्चरल स्टडीज’ (संस्कृती-अभ्यास) हा मेजर, म्हणजे मुख्य, विषय घेऊन पदवी करायची आहे. घरच्यांना तीन गोष्टी उमगत नाहीत: हा विषय म्हणजे नेमकं काय, मुंबईत तो मिळतो कुठे, आणि शिकून पुढे पोट कशावर भरायचं.

सुरुवात मधल्या प्रश्नापासून करू, कारण प्रवेशाच्या धांदलीत पहिली चूक तिथेच होते.

मुंबई विद्यापीठाच्या कॉलेजांत ‘बी.ए. कल्चरल स्टडीज’ अशी पाटी शोधत फिरलात तर हाती फारसं लागणार नाही. माहितीपत्रकात ‘संस्कृती’ हा शब्द दिसेल तो बहुधा ‘प्राचीन भारतीय संस्कृती’ या विषयात. झेवियर्सला, पार्ल्याच्या साठ्येला तो शिकवतात. नाणी, शिलालेख, लेणी, मूर्तिशास्त्र, पुरातत्त्व असा त्याचा ऐवज. विषय देखणा आहे, पण मुलीला प्रश्न पडत असतील मालिकांबद्दल, जाहिरातींबद्दल, चाळ आणि टॉवरबद्दल, मोबाइलवर गाणी ऐकत लोकलला लटकणाऱ्या पोरांबद्दल, तर तिथे तिची तहान भागायची नाही. हा नावाचा घोळ पार वरपर्यंत जातो. यूजीसी-नेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेच्या यादीत ‘इंडियन कल्चर’ हा विषय आहे, ‘कल्चरल स्टडीज’ असा स्वतंत्र विषय नाही. हे आत्ताच ध्यानात ठेवा. नोकरीचं बोलताना त्याचा हिशेब चुकता करावा लागतो.

म्हणजे मुंबईत पदवीला हा विषय आयता मिळत नाही, जोडून घ्यावा लागतो. नव्या शैक्षणिक धोरणाच्या मेजर-मायनर (मुख्य आणि जोडविषय) रचनेत ते पूर्वीपेक्षा सोपं झालं आहे. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थिनीसाठी सगळ्यात भक्कम जोडणी म्हणजे समाजशास्त्र मेजर आणि मराठी किंवा इंग्रजी साहित्य मायनर. समाजशास्त्रातून लोकांमध्ये जाऊन माहिती गोळा करायची शिस्त लागते, साहित्यातून मजकूर बारकाईने वाचायची. शिवाय मुंबई विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग १९१९चा, देशातला पहिला. या शहरात त्या विषयाची पाळंमुळं खोल आहेत. समाजशास्त्र, इतिहास, राज्यशास्त्र यांचे पेपर मराठीतून लिहिता येतात, हेही सोयीचं. दुसरी जोडणी मास मीडियाच्या पदवीची. तिच्यात माध्यमे आणि संस्कृतीवर एखाद-दुसरा पेपर असतो, पण बाकीचा भर जाहिरात किंवा पत्रकारितेच्या कामावर. हाताला कसब मिळतं, वाचन उथळ राहतं. तीन वर्षांनी लगेच नोकरी हवी असेल तरच तो रस्ता धरावा.

ओपन इलेक्टिव्ह हे विषय दुसऱ्या विद्याशाखेतून घ्यावे लागतात. मुलं ‘सोपं काय आहे?’ एवढंच विचारून ते भरतात. त्यापेक्षा वाणिज्य शाखेतला जाहिरात किंवा मार्केटिंगचा पेपर घ्यावा, नाहीतर प्राथमिक संख्याशास्त्राचा. पैसा कुठून कुठे फिरतो हे न कळता संस्कृतीवर लिहिणारी माणसं खूप आहेत, त्यांत भर नको. फील्ड प्रोजेक्ट, समाजसंपर्क आणि ऑन जॉब ट्रेनिंग यांची क्रेडिटंही अशीच वाया जातात. कुठल्यातरी ओळखीच्या ऑफिसात सही-शिक्क्याचं पत्र मिळवण्यापेक्षा संग्रहालय, ग्रंथसंग्रहालय, माहितीपट करणारी संस्था किंवा प्रकाशनगृह इथे ते तास घालवले तर पुढच्या अर्जात दाखवायला काहीतरी राहतं.

कॉलेज निवडताना नॅकची (कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेची) श्रेणी आणि कटऑफ सगळेच बघतात. त्याखेरीज विद्यापीठाच्या किंवा स्वायत्त कॉलेजच्या संकेतस्थळावरून त्या पेपरची अभ्यासक्रमाची पीडीएफ उतरवून घ्या आणि तीन गोष्टी तपासा. अंतर्गत मूल्यमापनात क्षेत्रकार्याला गुण आहेत का. संदर्भसूचीत मराठी आणि भारतीय लेखन आहे का, की सगळी यादी परदेशी पाठ्यपुस्तकांची आहे. आणि मागच्या तीन वर्षांच्या प्रश्नपत्रिकांत ‘टिपा लिहा’ सोडून एखादं दृश्य, जाहिरात किंवा उतारा देऊन त्यावर लिहायला सांगितलं आहे का. तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असेल तर ती मुलगी तिथे व्याख्या पाठ करून पास होईल, विषय मात्र स्वतःच्या हिमतीवर शिकावा लागेल. चार क्रेडिटांचा थिअरी पेपर म्हणजे वर्गातले साठ तास. साठ तासांत एक विचारवंत धड वाचून होतो किंवा बारा विचारवंतांची नावं पाठ होतात. अभ्यासक्रमात बारा नावं दिसली की समजून जा.

तीन वर्षांवर चौथं वर्ष करायचं का, हे आत्ता ठरवू नये. पण संशोधनासह ऑनर्स करायचं तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात, हे पहिल्या वर्षापासून माहीत असलेलं बरं. चार वर्षं केली तर पुढचं एम.ए. एका वर्षाचं होऊ शकतं.

एम.ए.ला मात्र हा विषय नावानिशी मिळतो. देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत (टिस) मीडिया अँड कल्चरल स्टडीजचं एम.ए. आहे; तिथे अभ्यासाला माहितीपट करण्याची जोड आहे, म्हणजे कॅमेरा, आवाज, संपादन हेही करावं लागतं. मुंबईबाहेर हैदराबादचं इंग्लिश अँड फॉरिन लँग्वेजेस विद्यापीठ आणि आसामातलं तेजपूर विद्यापीठ इथे कल्चरल स्टडीजचे स्वतंत्र विभाग आहेत. लोककलांकडे ओढा असेल तर कलिना संकुलातल्या मुंबई विद्यापीठाच्या लोककला अकादमीची चौकशी करा. तिथला कल प्रत्यक्ष सादरीकरणाकडे आहे, हे लक्षात घेऊन. बऱ्याच केंद्रीय संस्थांचे प्रवेश सामायिक प्रवेश परीक्षेशी जोडलेले असतात आणि अर्ज हिवाळ्यातच सुटतात. आपल्याकडची मुलं शेवटच्या सत्राचा निकाल लागल्यावर जागी होतात, तोवर दारं बंद झालेली असतात.

आता विषय काय आहे ते.

इंग्लंडात बर्मिंगहॅम विद्यापीठात १९६४ साली रिचर्ड हॉगर्ट यांनी समकालीन संस्कृतीच्या अभ्यासाचं एक केंद्र काढलं. पुढे स्टुअर्ट हॉल यांनी ते चालवलं. साहित्य म्हणजे अभिजात ग्रंथ आणि संस्कृती म्हणजे चांगल्या घरची चालरीत, हा समज त्यांनी बाजूला सारला. कामगारांचे पब, मासिकं, टीव्हीच्या बातम्या, तरुण पोरांचे कपडे यांकडे तेवढ्याच गंभीरपणे बघायला सुरुवात केली. प्रश्न सत्तेचा होता: लोकांना काय ‘नैसर्गिक’ वाटावं हे कोण ठरवतं, आणि लोक ते कितपत मानतात? घरातल्या काकांनी ‘हा विषय टिकतो का?’ असं विचारलंच तर खरं ते सांगावं. बर्मिंगहॅमचा तो विभाग विद्यापीठाने २००२ साली बंद केला. तोवर त्याची पद्धत जगभरच्या साहित्य, समाजशास्त्र, माध्यम आणि इतिहासाच्या विभागांत पसरली होती. नावाची पाटी कधी असते, कधी नसते. मुंबईत ती नसण्याचं फार दुःख करू नये ते म्हणूनच.

आपल्याकडे हे सगळं परदेशातून आलं असंही नाही. सत्यशोधकी जलसे, आंबेडकरी जलसे, लाल बावटा कलापथक यांतल्या माणसांना गाणं आणि सत्ता यांचं नातं कुणी शिकवावं लागलं नव्हतं. दुर्गा भागवत, इरावती कर्वे, रा. चिं. ढेरे यांनी लोकपरंपरांवर केलेलं काम मराठीत आहे. शर्मिला रेगे यांनी लावणी कलावंतांवर जे लिहिलं त्यात जात, लिंगभाव आणि करमणुकीचा बाजार हे तिन्ही धागे एकत्र दिसतात. मराठी माध्यमाच्या मुलीला इथे खरं तर आघाडी आहे. इंग्रजी माध्यमातल्या मैत्रिणीला हे मूळ भाषेतून वाचणं जड जातं.

पद्धत कळायला एक साधी वस्तू घेऊ. स्टेशनबाहेरच्या चौकातला वाढदिवसाचा फ्लेक्स.

पहिल्या बैठकीत फक्त वर्णन करायचं. तीनशे शब्द, विशेषण एकही नाही. वरच्या पट्टीत गोल चौकटींत कोणाचे चेहरे आहेत, कोणत्या क्रमाने? महापुरुष कोणते निवडले, कोणते गाळले? मधे पांढऱ्या शर्टातला, हात जोडलेला, गॉगल लावलेला माणूस एकूण उंचीच्या किती भागात आहे? नावाला भाऊ, दादा की शेठ? पदवी ‘कार्यसम्राट’ की ‘भावी नगरसेवक’? खाली पोस्टाच्या तिकिटाएवढे ‘शुभेच्छुक’ किती, त्यांत बायका किती, त्या कोणत्या रांगेत? नुसतं मोजून लिहिलं तरी शेवटी असं काहीतरी दिसतं जे रोज त्याच्याखालून जाऊनही दिसलेलं नसतं. वर्णनात ‘भडक’ किंवा ‘विद्रूप’ असा शब्द आला की थांबा आणि विचारा, कोणाला भडक? हा सौंदर्याचा निकाल कोणत्या घरातून, कोणत्या शाळेतून आला? विषयाचं निम्मं शिक्षण या एका प्रश्नात आहे.

दुसऱ्या बैठकीत छपाईच्या दुकानात जा. फ्लेक्स चौरस फुटाच्या भावाने छापतात. डिझायनरकडे तयार साचे असतात. त्यात व्हॉट्सअॅपवर आलेले चेहरे कापून बसवायचे. चेहऱ्यांचा क्रम लावताना फोन येतात, ‘याला वर घ्या, त्याला दुसऱ्या रांगेत टाका’. वॉर्डातल्या राजकारणाची उतरंड त्या संगणकाच्या पडद्यावर हलत असते. नुसता चौकात उभा राहून फ्लेक्स ‘वाचणारा’ विद्यार्थी या माहितीला कायमचा मुकतो, आणि साहित्याकडून आलेल्या मुलांची नेमकी हीच खोड असते.

तिसरी गोष्ट नियम. राज्यात मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधाचा १९९५चा कायदा आहे, बेकायदा फलकांवर उच्च न्यायालयाचे आदेश आहेत, पालिकेची परवानगी लागते. मग कोपऱ्यात परवानगीचा क्रमांक आहे का? तो नसलेला फ्लेक्स किती दिवस टिकला आणि कोणाचा दुसऱ्याच दिवशी उतरला? एका चौकाचा रोज एक फोटो, तारखेसह, महिनाभर काढला की नियम कागदावर कसा आहे आणि रस्त्यावर कसा, याचा पुरावा हातात येतो.

चौथी गोष्ट बघणारे. हॉल यांनी १९७३ साली टीव्हीच्या संदर्भात मांडलं की मजकूर एका अर्थाने घडवला तरी बघणारा तो तीन तऱ्हांनी घेऊ शकतो: आहे तसा मानून, वाटाघाटी करून, किंवा उलटवून. फ्लेक्सवर पहिल्यांदा आपला फोटो आला म्हणून घरी आईला तो दाखवायला आणणारा पोरगा, ‘भाऊ चांगले आहेत, पण गटाराचं काय?’ म्हणणारा सँडविचवाला, आणि खिडकीसमोर फ्लेक्स आल्याने अंधारात बसलेली पहिल्या मजल्यावरची बाई. तिघांशी बोलल्याशिवाय ‘फ्लेक्समुळे समाजावर अमुक परिणाम होतो’ असं वाक्य लिहायचा अधिकार नाही. आणि मंडपाच्या दिवसांआधीचा, पावसाळ्यातला शेवटचा फेरा चुकवू नका. उतरवलेला फ्लेक्स फेकला जात नाही. तो कुणाच्या तरी झोपडीवर, हातगाडीवर, भाजीच्या टोपल्यांवर ताडपत्री म्हणून जातो. कार्यसम्राटांचा चेहरा छपरावर, पावसात, उलटा. तिथे त्या वस्तूचा अर्थ पुन्हा बदललेला असतो.

१९९७ साली सोनीच्या वॉकमनवर लिहिलेल्या एका पाठ्यपुस्तकाने या फेऱ्याला नाव दिलं, संस्कृतीचं वर्तुळ. निर्मिती, वापर, नियमन, अस्मिता, आणि वस्तू कशी मांडली-दाखवली जाते, अशा त्याच्या पाच बाजू. पाचही बाजू एका प्रकल्पात करायला जाऊ नये. दोन नीट करा, तिसरीचा उल्लेख करा.

वाचनाबद्दल. वीस पानांचा सैद्धांतिक लेख म्हणजे चार ते पाच तासांचं काम धरून चाला. पहिल्या वाचनात पेन्सिल हातात घेऊ नका. दुसऱ्यात प्रत्येक परिच्छेदाचं एका मराठी वाक्यात सार लिहा. ज्या परिच्छेदाचं वाक्य होत नाही, तिथे अडलं आहे असं समजा आणि त्याच खुणा घेऊन शिक्षकांकडे जा. तिसऱ्या वाचनात लेखकाचं भांडण कोणाशी आहे ते शोधा. जवळजवळ प्रत्येक लेख कुणाशी तरी भांडत असतो, आणि ते कळलं की अवघड वाक्यंही नरमतात.

परिभाषेची वही पहिल्या दिवसापासून हवी. इटालियन विचारवंत ग्राम्शी यांच्या ‘हेजेमनी’ या संकल्पनेला मराठीत कोणी ‘वर्चस्व’ म्हणतं, कोणी ‘धुरीणत्व’. हा फरक नुसत्या शब्दांचा नाही. वर्चस्व दंडुक्यानेही चालतं. धुरीणत्वात खालच्या माणसाची संमती मिळवलेली असते. त्यालाच ते रास्त वाटू लागतं. उत्तरपत्रिकेत दोन्ही शब्द आलटून पालटून वापरणारी मुलगी इथेच गुण घालवते. दुसरा सापळा ‘प्रतिनिधित्व’. विधानसभेत आमदार करतो तेही प्रतिनिधित्व, आणि मालिकेत मोलकरीण जशी दाखवतात त्यालाही मराठीत बरेच जण तोच शब्द लावतात. दुसऱ्या अर्थासाठी ‘चित्रण’ किंवा ‘प्रतिनिधान’ यांतला एक शब्द ठरवून घ्या आणि शेवटपर्यंत तोच पाळा. वहीत इंग्रजी संज्ञा, मराठी पर्याय, कोणी वापरला आणि स्वतःच्या परिसरातलं एक उदाहरण, एवढे चार रकाने पुरतात. ब्रिटिश समीक्षक रेमंड विल्यम्स यांनी प्रभावी, अवशिष्ट आणि उदयोन्मुख असे संस्कृतीचे तीन थर सांगितले. उदाहरणाच्या रकान्यात लोकलमधली भजनी मंडळी कुठल्या थरात घालायची यावर वर्गात तासभर वाद होईल, आणि तो वाद नोट्सच्या दहा पानांपेक्षा जास्त शिकवेल.

प्रकल्प हा या विषयाचा कणा, आणि सगळ्यात जास्त गडबड तिथेच.

विषय फार मोठा घेतला जातो. ‘मराठी चित्रपटांतील स्त्री’ हा प्रबंधालाही पुरून उरेल. आकसण्याची रीत सोपी: जागा, काळ, माणसं आणि अभ्यासाचं साहित्य, चारही ठरवा. ‘दहीहंडी’ असा विषय घेऊन आलेल्या मुलीने ‘दादर-परळ भागातल्या एका महिला गोविंदा पथकाचा सराव, गुरुपौर्णिमेपासून गोकुळाष्टमीपर्यंत’ इथवर यायला हवं. मग नियमनाची बाजूही हाताळता येते: २०१४ साली उच्च न्यायालयाने वीस फुटांची मर्यादा आणि अठराखालच्यांना बंदी घातली, २०१७ मध्ये उंचीची अट गेली आणि वयाची अट चौदावर आली, २०२२ मध्ये सरकारने साहसी खेळाचा दर्जा जाहीर केला, पुढच्या वर्षी स्पर्धेची लीगही निघाली. सण, खेळ आणि तमाशा यांच्या सीमारेषा दहा वर्षांत कशा सरकल्या हे एका पथकाच्या टी-शर्टवरच्या प्रायोजकांच्या नावांतून दाखवता येतं.

क्षेत्राचं पंचांग आधी बघा. मुंबईतले मोठे प्रसंग सत्राच्या वेळापत्रकाला विचारून येत नाहीत. गणपती आणि बांद्र्याची माउंट मेरीची जत्रा पहिल्या सत्रात, परीक्षेच्या तोंडावर येतात. ६ डिसेंबरला चैत्यभूमीचा परिसर आणि शिवाजी पार्कवरचे पुस्तकांचे स्टॉल, त्याच महिन्यात माहीमचा उरूस, हे दुसऱ्या सत्राच्या अगदी आरंभी, मार्गदर्शक ठरायच्याही आधी. म्हणून प्रसंगावर काम करायचं तर एक सत्र आधी मंजुरी, ओळखी आणि प्रश्नावली तयार हवी. चुकलं तर पुढची संधी वर्षाने.

पदवीच्या प्रकल्पाला आठ ते दहा मुलाखती पुष्कळ. एका तासाची मुलाखत उतरवून काढायला चार ते सहा तास लागतात. बोलणं मालवणी किंवा आगरी वळणाचं असेल, मागे भांडी किंवा पंखा वाजत असेल तर त्याहून जास्त. म्हणजे दहा तासांचं रेकॉर्डिंग हे चाळीस ते साठ तासांचं काम आहे. पंचवीस मुलाखती घेऊन त्यांतल्या सहाच उतरवून झालेली मुलं दरवर्षी मार्चमध्ये रडवेली होतात. निरीक्षणाच्या टिपा त्याच रात्री विस्ताराने लिहायच्या. झोप काढली की निम्मं पुसतं. संमतीपत्र मराठीत, एका पानाचं, माणसाला वाचून दाखवून. नावं बदला, इमारतीचं नाव आणि खोली क्रमांक काढून टाका. एखाद्या चाळीत ‘तिसऱ्या मजल्यावरची नर्सबाई’ एवढं लिहिलं तरी ती कोण हे सगळ्यांना कळतं, तेही बदला. अठराखालच्या मुलांशी बोलताना पालकांची संमती वेगळी घ्या.

माणसांत जायला संकोच वाटत असेल तर जुन्या छापील साहित्यावर काम करावं, त्यात कमीपणा नाही. मराठीत दिवाळी अंकांची परंपरा ‘मनोरंजन’च्या १९०९च्या अंकापासून आहे. ‘किर्लोस्कर’ १९२०चं, ‘स्त्री’ १९३०चं. मजकुरापेक्षा त्यांतल्या जाहिरातींकडे फार कमी विद्यार्थी वळतात. एका मासिकाचे दर पाचव्या वर्षीचे अंक, फक्त पानभर जाहिराती, फक्त स्वयंपाकघरातल्या वस्तू, एवढी चाळण लावली की साधारण शंभर जाहिरातींचा हाताळता येईल असा साठा मिळतो. प्रत्येकीसाठी तक्त्यात वर्ष, वस्तू, चित्रातली माणसं, बोलतंय कोण आणि वचन काय दिलंय हे भरा. दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, टाउन हॉलमधलं एशियाटिकचं ग्रंथालय, सरकारी कागद लागले तर एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य पुराभिलेखागार, ही तिन्ही ठिकाणं मध्य रेल्वेने येणाऱ्याला आवाक्यातली आहेत. कॉलेजचं पत्र, ओळखपत्र आणि पेन्सिल न्या, आणि फोटोची परवानगी पहिल्याच दिवशी विचारा. जीर्ण अंक झेरॉक्सला देत नाहीत.

लिहिताना होणाऱ्या चुकांपैकी एक फार पसरलेली आहे: शेवटच्या आठवड्यात सिद्धान्त चिकटवणं. माहिती सगळी गोळा झाली, आता दुसऱ्या प्रकरणात फुको आणि बार्थ या फ्रेंच विचारवंतांवर चार पानं टाकायची, पुन्हा त्यांचं नाव घ्यायचं नाही. परीक्षकाला ते पहिल्या चाळणीतच दिसतं. एकच संकल्पना घ्या, पण ती विश्लेषणाच्या प्रत्येक भागात कामाला लागलेली दिसू दे. जातीचा उल्लेखच न करता मुंबईतल्या खाण्यावर, गाण्यावर किंवा भाड्याच्या घरांवर लिहिणं ही दुसरी चूक. ‘आमच्या सोसायटीत तसं काही नाही’ हे वाक्य निष्कर्ष नव्हे, तीच तपासायची गोष्ट आहे.

टायपिंग युनिकोडमध्येच. जुन्या फाँटात टाइप केलेला प्रबंध दुसऱ्या संगणकावर उघडला की अक्षरांचा चिवडा होतो आणि त्यात शोधताही येत नाही. संदर्भांच्या नोंदी ठेवायला झोटेरो हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात देवनागरी नोंदी रोमन नोंदींच्या मागे जाऊन बसतात, तेव्हा मराठी आणि इंग्रजी याद्या वेगळ्या करायच्या की एकत्र, हे मार्गदर्शकांना आधीच विचारा.

आता पोटाचं. या पदवीवर सरळ शिक्का मारलेली नोकरी नाही. सीए झालं की सीए म्हणून लागतात, तसं इथे होत नाही. कामं आहेत ती अशी: माहितीपट आणि मालिकांसाठी संशोधन, उपशीर्षकं आणि भाषांतर, प्रकाशन, संग्रहालयं आणि अभिलेखागारं, सामाजिक संस्थांतलं दस्तावेजीकरण, जाहिरात कंपन्या आणि अॅप बनवणाऱ्या कंपन्यांसाठी ग्राहकांच्या घरी जाऊन केलेला अभ्यास. शेवटच्या प्रकारात पैसे त्यातल्या त्यात बरे मिळतात, आणि मराठी-हिंदी-इंग्रजी तिन्हींत मुलाखत घेऊन नीट लिहिणाऱ्याला मागणी असते. मुलाखतीला पदवीच्या नावापेक्षा दाखवलेलं काम उपयोगी पडतं: दोन-तीन हजार शब्दांचे दोन नीट लेख आणि एक उतरवलेली, संपादित केलेली मुलाखत.

प्राध्यापकी करायची असेल तर सुरुवातीचा इशारा आठवा. नेटला कल्चरल स्टडीज नाही, आणि जागेची जाहिरात ‘संबंधित किंवा संलग्न विषयातील एम.ए.’ अशी असते. संलग्न कोणाला म्हणायचं हे छाननी समितीच्या हातात. कल्चरल स्टडीजचं एम.ए. करून समाजशास्त्राच्या जागेला अर्ज केला आणि बाद झाला, असं होतं. म्हणून अध्यापन हे पक्कं ध्येय असेल तर एम.ए. समाजशास्त्र, मराठी किंवा इंग्रजीत करावं आणि संस्कृती-अभ्यास पीएच.डी.च्या विषयात आणावा. इंग्रजीच्या नेटमध्ये तर ‘कल्चरल स्टडीज’ नावाचा एक घटकच आहे, त्यामुळे वाचलेलं फुकट जात नाही. एम.ए.ला ५५ टक्के, राखीव प्रवर्गांना ५०, ही अट नेटला आहे. राज्यासाठीची तशीच परीक्षा, सेट, पुणे विद्यापीठ घेतं. ध्येय अध्यापन नसेल तर मात्र टिससारख्या ठिकाणचं नावानिशी एम.ए. जास्त कामाचं, कारण तिथे कॅमेरा आणि क्षेत्र दोन्ही हाताखालून जातं.

इंग्रजीची धास्ती रास्त आहे, पण तिच्यावर पदवीची तीन वर्षं मिळतात. रोज एक पान इंग्रजी वाचून त्याचं मराठीत सार, असं पहिल्या सत्रापासून केलं तर एम.ए.च्या मुलाखतीपर्यंत वाचनाची भीती जाते. बोलण्याची थोडी राहते. ती राहिली तरी चालते.

प्रवेश अर्ज भरण्यापूर्वी मुलीला एक काम द्या. डोंबिवली स्टेशनबाहेरचा एखादा फ्लेक्स निवडायचा, त्याचं तीनशे शब्दांत विशेषणाविना वर्णन लिहायचं, आणि त्याच्याखाली बसणाऱ्या कुणा एकाशी वीस मिनिटं बोलून यायचं. येताना तिच्याकडे दहा नवे प्रश्न असतील तर समाजशास्त्र-साहित्याची जोडणी बिनधास्त भरा. वर्णन कंटाळवाणं वाटून तिने थेट मत लिहून आणलं तर पत्रकारितेचा अर्जही सोबत भरून ठेवा.